मातृभाषा मोठेपणी शिकलेला संगीतकार : बेद्रिख स्मेताना



गेल्या दप्तरमुक्त शनिवारी मी चौथीच्या वर्गात मोबाईलला स्पीकर जोडून बारा-तेरा मिनिटांचं एक संगीत लावलं. नाव सांगितलं नाही, देश सांगितला नाही. एवढंच म्हटलं की डोळे मिटून ऐका आणि काय दिसतं ते मला सांगा. पहिली दोन मिनिटं चुळबुळ, हसणं, खोड्या. मग हळूहळू वर्ग शांत झाला. संपल्यावर बऱ्याच मुलांनी पाणी, नदी, पाऊस असं सांगितलं. एकाला लग्नाची वरात दिसली. आणि गंमत म्हणजे त्यात नदीही आहे आणि लग्नही आहे! त्या रचनेचं नाव 'व्लतावा'. व्लतावा ही चेक देशातली नदी, प्राग शहरातून वाहणारी. रचना केली बेद्रिख स्मेताना यांनी, १८७४ साली. आणि ती करताना त्यांना स्वतःला काहीही ऐकू येत नव्हतं.

मुलांना एवढं सांगून मी थांबले. पण तुमच्यासाठी ही गोष्ट पुढे सांगायची आहे, कारण आपण पालकसभेत दरवर्षी जो वाद घालतो त्याच्याशी तिचा जवळचा संबंध आहे. कोणता वाद, ते तुम्हाला माहीतच आहे. घरी मराठी बोलतोच की, मग शाळेत कशाला, हा प्रश्न मला या जूनमध्येही तीन पालकांनी विचारला.

तर आता चला दोनशे वर्षं मागे.

२ मार्च १८२४. बोहेमिया प्रांतातलं लितोमिश्ल नावाचं गाव. आज हे गाव चेक प्रजासत्ताकात आहे, तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होतं. गावातल्या सरदाराच्या वाड्याच्या आवारात बिअर तयार करण्याचा कारखाना होता आणि तो चालवणारे फ्रांतिशेक स्मेताना यांच्या घरी हा मुलगा जन्मला. आधी सगळ्या मुलीच, त्यामुळे मुलाचं कौतुक किती झालं असेल हे आपल्याला वेगळं सांगायला नको. वडील हौशी व्हायोलिनवादक. मुलाला व्हायोलिन आणि पियानो लवकर शिकवला. वयाच्या सहाव्या वर्षी, १८३० साली, त्यानं गावातल्या कार्यक्रमात लोकांसमोर पियानो वाजवला.

आता भाषेचं बघा. वडिलांना चेक येत होती. पण सरकार जर्मन, कचेरी जर्मन, शाळा जर्मन, चार प्रतिष्ठित माणसांत बोलायचं तर जर्मन. चेक म्हणजे शेतकऱ्यांची, मोलकरणींची, घोडेवाल्यांची भाषा असं समजलं जायचं. धंदा करणाऱ्या माणसानं जर्मनच बोलावं हे त्या काळच्या व्यवहाराला धरून होतं. मी वडिलांना दोष देत नाही. आपल्या लेकरांचं भलं व्हावं म्हणूनच त्यांनी ते केलं. परिणाम मात्र असा झाला की मुलगा जर्मनमध्ये शिकला, जर्मनमध्ये विचार करू लागला, डायरीसुद्धा जर्मनमध्ये लिहू लागला. चेक कानावर पडत होती, पण शुद्ध लिहिता येत नव्हती.

शाळा बऱ्याच बदलल्या. कारण वडिलांचं काम बदललं, गाव बदललं. एका शाळेत कारेल हाव्हलिचेक नावाचा मित्र भेटला. हा पुढे चेक भाषेतला निर्भीड पत्रकार झाला. प्रागच्या शाळेत तर योसेफ युंगमान प्रमुख होते. चेक भाषेचा मोठा शब्दकोश करणारे हेच ते विद्वान. म्हणजे मातृभाषेचा एवढा मोठा अभ्यासक शाळेत असूनही आपला विद्यार्थी तिकडे वळला नाही! त्याच सुमारास हंगेरीत जन्मलेले जगप्रसिद्ध पियानोवादक फ्रान्झ लिस्ट प्रागमध्ये आले. त्यांचं वादन ऐकून या मुलानं अभ्यासच सोडून दिला. वडील संतापले आणि त्याला पिल्झेनला नातेवाइकाकडे शिकायला धाडलं. तिथे कसंबसं शालेय शिक्षण पूर्ण झालं. (वर्गात असा एखादा असतोच, त्याच्याकडे आता जरा वेगळ्या नजरेनं बघा.)

१८४३ साली एकोणीस वर्षांचा स्मेताना खिशात थोडेसे पैसे घेऊन प्रागला आला. वडिलांची परिस्थिती आता बिघडलेली. योसेफ प्रोक्श नावाच्या अंध शिक्षकाकडे त्यानं संगीतरचनेचं रीतसर शिक्षण घेतलं आणि एका सरदाराच्या मुलांना पियानो शिकवून पोट भरलं. म्हणजे शिकवणी हा त्याचा पहिला व्यवसाय, आपल्याच जातकुळीतला माणूस म्हणायचा.

मग आलं १८४८. युरोपभर उठाव झाले, तसा जूनमध्ये प्रागलाही झाला. चोवीस वर्षांचा स्मेतानाही त्यात उतरला, चार्ल्स पुलाजवळच्या मोर्च्यावर उभा राहिला. नागरिकांच्या पथकांसाठी त्यानं कूच करण्याची गाणी रचली. काही दिवसांतच उठाव चिरडला गेला. स्मेतानाला अटक झाली नाही. त्याच वर्षी त्यानं प्रागमध्ये स्वतःची संगीतशाळा उघडली. पैशाची मदत मागण्यासाठी लिस्ट यांना पत्र लिहिलं, सोबत आपल्या रचना पाठवल्या. लिस्ट यांनी पैसे दिले नाहीत, पण रचनांचं कौतुक केलं आणि प्रकाशक मिळवून दिला. दोघांची मैत्री मात्र आयुष्यभर टिकली.

उठावानंतरची दहा-बारा वर्षं फार वाईट गेली. सरकारनं पोलिसी बंधनं आवळली. चेकमध्ये काही जाहीर करणं म्हणजे संशय ओढवून घेणं. मित्र हाव्हलिचेक याला हद्दपार केलं, तो परत आला तो खचलेला, आणि १८५६ मध्ये वारला. घरातलं दुःख तर सांगवत नाही. १८४९ मध्ये स्मेतानाचं लग्न कातेर्शिना या पियानोवादक तरुणीशी झालं होतं. चार मुली झाल्या. १८५४ ते १८५६ या दोन वर्षांत त्यातल्या तीन गेल्या. थोरली बेद्रिश्का संगीतात विशेष हुशार होती, ती साडेचार वर्षांची असताना लोहितांग ज्वरानं गेली. तिच्या आठवणीत त्यानं पियानो, व्हायोलिन आणि चेलो या तीन वाद्यांसाठी एक रचना केली. ती आजही वाजवली जाते. मी ती एकदाच ऐकली. परत ऐकायचं धाडस झालं नाही.

ऑक्टोबर १८५६ मध्ये तो स्वीडनमधल्या ग्योटेबोर्ग शहरात गेला. तिथे शिकवलं, संगीतसभा घेतल्या, बरं चाललं. पण पत्नीला क्षयानं गाठलं. तिला मायदेशी नेत असताना वाटेतच, ड्रेस्डेन शहरात, एप्रिल १८५९ मध्ये ती गेली. उरली एकच मुलगी, झोफिए. पुढच्या वर्षी त्यानं दुसरं लग्न केलं.

आणि इथे आपल्या गोष्टीला वळण लागतं. १८६० मध्ये ऑस्ट्रियाच्या सम्राटानं बंधनं थोडी सैल केली. प्रागमध्ये चेक नाटकांसाठी वेगळं रंगमंदिर उभं राहणार अशी बातमी आली. परदेशात बसलेल्या स्मेतानाला वाटलं, आता परत जायचं. पण कुठल्या तोंडानं? चेक राष्ट्राचं संगीत लिहायचं आणि चेक पत्र धड लिहिता येत नाही! त्या काळातल्या एका पत्रात त्यानं आपल्या चेकमधल्या चुकांबद्दल माफी मागितली आहे. लहानपणापासून शाळेत आणि समाजात जर्मनचीच सवय लागली, आपली भाषा शिकायचं राहून गेलं, अशी कबुली त्यात आहे. तेव्हा त्याचं वय छत्तीस. १८६१ मध्ये तो प्रागला आला आणि पुढच्या वर्षापासून डायरी चेकमध्ये लिहू लागला. चुकत, खोडत, पण चेकमध्ये.

मित्रांनो, मला या सगळ्या चरित्रात हाच भाग सर्वांत मोठा वाटतो. नाव मिळवलेला, लिस्टसारख्याचा मित्र असलेला माणूस स्वतःच्याच भाषेत पहिलीतल्या मुलासारखा अडखळायला तयार होतो. आपल्यापैकी किती जण होतील?

इथे जरा थांबून संगीतातला राष्ट्रवाद म्हणजे काय ते बघू. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या अभिजात संगीतावर जर्मन, इटालियन आणि फ्रेंच लोकांचा वरचष्मा होता. इतर देशांतल्या संगीतकारांना वाटू लागलं की आमच्या मातीचा सूर यात कुठे आहे? पोलंडच्या शोपँनं आपल्या गावाकडच्या मझुर्का नाचाला पियानोवर आणलं. रशियात ग्लिंकानं १८३६ मध्ये रशियन इतिहासावर ऑपेरा केला. नॉर्वेत ग्रीग, फिनलंडमध्ये पुढे सिबेलिअस. ज्या देशांना स्वतःचं राज्य नव्हतं, त्यांच्यासाठी नाटकगृह आणि संगीतसभा याच जणू संसदा झाल्या. सभेवर बंदी घालता येते, बासरीवर कशी घालणार?

पण राष्ट्रीय संगीत करायचं कसं, यावर चेक लोकांतच भांडण होतं. काही पुढाऱ्यांचं म्हणणं की लोकगीतं घ्या, ती एकामागोमाग गुंफा, झाला राष्ट्रीय ऑपेरा. स्मेतानाला हे पटत नव्हतं. नुसत्या लोकगीतांच्या नकलेनं स्वतःची शैली उभी राहत नाही, असं त्याचं मत. लोकांच्या बोलण्याची लय, नाचाचा ठेका, स्वभाव हे अंगात मुरवून नवं लिहायचं. मला तरी त्याचं पटतं. वार्षिक स्नेहसंमेलनात नऊवारी नेसवून रिमिक्सवर नाचवलं की संस्कृती जपली, असं म्हणण्यासारखंच ते पहिलं मत नाही का?

१८६२ मध्ये प्रागला तात्पुरतं रंगमंदिर उघडलं. नावच 'तात्पुरतं', कारण मोठं पुढे बांधायचं होतं. तिथलं वाद्यवृंदाचं नेतृत्व स्मेतानाला मिळालं नाही, दुसऱ्याला मिळालं. मग एका सरदारानं चेक ऑपेरासाठी स्पर्धा जाहीर केली. स्मेतानाचा 'बोहेमियातले ब्रांडेनबुर्गर' हा पहिला ऑपेरा जानेवारी १८६६ मध्ये रंगमंचावर आला, गाजला, त्यालाच बक्षीस मिळालं. त्याच वर्षी ३० मे रोजी दुसरा ऑपेरा आला, 'विकलेली नवरी'. आपल्या वगनाट्यासारखीच त्याची गोष्ट. येनिक आणि मार्झेंका यांचं प्रेम, मध्ये बोलघेवडा मध्यस्थ केत्सल. येनिक पैसे घेऊन नवरीवरचा हक्क सोडतो, अट एकच, तिनं मीखाच्या मुलाशीच लग्न करायचं. शेवटी कळतं की येनिक हाच मीखाचा थोरला मुलगा! पैसेही त्याचे आणि नवरीही त्याची. पहिल्या प्रयोगाला गर्दी नव्हती, कारण प्रशियाशी युद्ध तोंडावर आलं होतं. स्मेतानानं पुढची चार वर्षं त्यात बदल केले, आणि मग तो असा लोकप्रिय झाला की १८८२ मध्ये शंभरावा प्रयोग झाला.

१८६६ च्या शरद ऋतूत अखेर रंगमंदिराची सूत्रं त्याच्याकडे आली. वाद्यवृंदात व्हायोला वाजवणारा एक तरुण होता, त्याचं नाव अंतोनिन द्वोर्जाक. पुढे जगभर गाजलेला तोच.

आता एक विरोधाभास सांगते. १६ मे १८६८ रोजी नव्या राष्ट्रीय रंगमंदिराची पायाभरणी झाली, प्रागमध्ये प्रचंड उत्सव. त्या संध्याकाळी स्मेतानाचा 'दालिबोर' ऑपेरा झाला. चेक वीराची कथा, चेक लोकांचा दिवस. आणि त्याची संहिता मुळात जर्मनमध्ये लिहिलेली, नंतर चेकमध्ये आणलेली! कारण लेखक योसेफ व्हेन्झिग जर्मनमध्येच लिहायचे. चेक शब्दात जोर नेहमी पहिल्या अक्षरावर येतो. स्मेतानाच्या सुरुवातीच्या ऑपेरांत सुराचा जोर भलत्याच अक्षरावर पडतो, असं जाणकारांना दिसलं. एलिश्का क्रास्नोहोर्स्का या विशीतल्या कवयित्रीनं १८७१ मध्ये चेक शब्द सुरात कसे बसवावेत यावर लेखच लिहिला. वयानं तेवीस वर्षांनी लहान असलेल्या या मुलीचं म्हणणं स्मेतानानं रागावून उडवून लावलं नाही. उलट पुढचे तीन ऑपेरा तिच्याच शब्दांवर केले. (जाता जाता शिक्षकांसाठी : हिनंच १८९० मध्ये प्रागला 'मिनेर्वा' ही मुलींची माध्यमिक शाळा काढली, ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यातली तशी पहिलीच. तिच्यावर वेगळा लेख लिहायचा आहे.)

सगळेच टीकाकार असे नव्हते. 'दालिबोर' नंतर आरोप सुरू झाला की स्मेताना हा जर्मन संगीतकार वागनरची नक्कल करतो, याचं संगीत चेक नाहीच. ज्यानं आयुष्य पणाला लावलं त्यालाच आपली माणसं परका म्हणू लागली. १८७२ मध्ये त्याला काढा म्हणून रंगमंदिराच्या वर्गणीदारांनी सह्यांचा अर्ज केला. त्याच्या बाजूनंही लोक उभे राहिले, त्यात द्वोर्जाक होता. नोकरी वाचली, मन मात्र दुखावलं. राष्ट्रवादाची ही दुसरी बाजूही आपण झाकू नये असं मला वाटतं. कोण किती खरा आपला, हे मोजायला लोक बसले की मोजपट्टी कुणाच्याही गळ्याभोवती येते.

१८७४ च्या उन्हाळ्यात त्याच्या कानात गुणगुण सुरू झाली. घशाचं दुखणं, मग कान बंद झाल्यासारखे वाटणं. डॉक्टरांनी संगीतापासून दूर राहायला सांगितलं. ऑक्टोबरमध्ये दोन्ही कान पूर्ण गेले. वय पन्नास. रंगमंदिराची नोकरी सोडावी लागली. आणि याच काळात, नोव्हेंबर संपता संपता, 'व्लतावा'ला सुरुवात झाली. १९ दिवसांत ती लिहून पूर्ण झाली.

म्हणून वर्गात लावायची असेल तर मुलांना असं सांगा. सुरुवातीला दोन बासऱ्या ऐकू येतात, तो नदीचा पहिला झरा. मग क्लॅरिनेट, तो दुसरा. दोन्ही मिळतात आणि मोठी धून सुरू होते. पुढे शिंगं वाजतात, काठच्या जंगलात शिकार चालली आहे. मग पोल्का नाचाचा ठेका येतो, ते गावातलं लग्न. नंतर सगळं मंद होतं, चांदण्यातल्या जलपऱ्या. मग खडकांवरून आदळणारं पाणी, आणि शेवटी प्रागचा जुना व्हिशेहराद गड, त्यापुढून नदी लांब निघून जाते. मुख्य धून फार पूर्वीच्या एका इटालियन सुरावटीसारखी आहे. म्हणजे चेक लोकांच्या काळजातली ही धूनसुद्धा एकट्या चेकची नाही. सूर असेच वाहत येतात.

'व्लतावा' हा सहा रचनांच्या मालेतला दुसरा भाग. मालेचं नाव 'मा व्लास्त', म्हणजे माझा देश. गड, नदी, दंतकथेतली शार्का, शेतं आणि राया, ताबोर गाव, ब्लानिक डोंगर असे सहा भाग. शेवटच्या दोन भागांत पंधराव्या शतकातल्या हुस्साइट योद्ध्यांच्या स्तोत्राची चाल येते. सगळे सहा भाग एकत्र पहिल्यांदा वाजले ५ नोव्हेंबर १८८२ रोजी प्रागला. स्मेताना सभागृहात होता. टाळ्या त्याला दिसल्या.

मधल्या काळात, १८७६ मध्ये, तो याब्केनित्से या खेड्यात मुलगी झोफिएकडे राहायला गेला. जावई वनखात्यात होता. निवृत्तिवेतन ठरलं होतं, पण वेळेवर मिळायचं नाही. त्याच वर्षी त्यानं चार तंतुवाद्यांसाठी आपल्या जीवनावरची रचना केली. शेवटच्या भागात आनंदी ठेका चालू असताना एकदम सगळं थांबतं आणि व्हायोलिनचा एकच तीव्र, उंच स्वर लांबत जातो. बहिरेपण येताना त्याच्या कानात वाजलेला तोच तो स्वर. स्वतःचा आजार त्यानं स्वरलिपीत लिहून ठेवला.

राष्ट्रीय रंगमंदिर ११ जून १८८१ रोजी स्मेतानाच्याच 'लिबुशे' या ऑपेरानं उघडलं. दोन महिन्यांत, १२ ऑगस्टला, आग लागून ते जळालं. लोकांनी पुन्हा वर्गणी काढली, दोन महिन्यांच्या आत पुरेसे पैसे जमले. १८ नोव्हेंबर १८८३ रोजी ते परत उघडलं, पुन्हा 'लिबुशे'नंच. तेव्हा मात्र त्याची तब्येत ढासळली होती. स्मरणशक्ती गेली, मनाचा तोल गेला. २ मार्च १८८४ ला त्याच्या साठीनिमित्त प्रागमध्ये मोठा समारंभ झाला, तो तिथे येऊ शकला नाही. एप्रिलमध्ये त्याला प्रागच्या मनोरुग्णालयात ठेवावं लागलं आणि १२ मे १८८४ रोजी तो गेला. त्याची समाधी व्हिशेहराद गडावर आहे, खाली तीच नदी.

१९३९ मध्ये देश हिटलरच्या ताब्यात गेला, तेव्हा प्रागच्या राष्ट्रीय रंगमंदिरात वात्स्लाव तालिख यांनी 'माझा देश' वाजवून घेतलं. १९४६ मध्ये प्रागला वसंत संगीत महोत्सव सुरू झाला. पुढे तो दरवर्षी १२ मे रोजी, स्मेतानाच्या स्मृतिदिनी, याच सहा रचनांनी सुरू करायची प्रथा पडली. राफाएल कुबेलिक हे वाद्यवृंद संचालक १९४८ मध्ये कम्युनिस्ट राजवट आल्यावर देश सोडून गेले होते. राजवट बदलल्यावर बेचाळीस वर्षांनी ते परत आले आणि १९९० च्या महोत्सवात त्यांनी हेच वाजवून घेतलं. त्याचं चित्रीकरण मोबाईलवर सहज सापडेल. पुढच्या शनिवारी मी मुलांना त्यातला 'व्लतावा'चा भाग दाखवणार आहे, आणि मग प्रत्येकाला आपल्या गावच्या ओढ्याचे आवाज वहीत लिहून आणायला सांगणार आहे. कसे लिहायचे ते त्यांचं त्यांनी ठरवायचं, फक्त घरी जसं बोलतात त्या शब्दांत.